नैरोबी ते जोहान्सबर्ग: अंतर, विमानाचा वेळ आणि ते स्वतः काढायची रीत

केनियातलं मसाई मारा आणि दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर ही दोन अभयारण्यं एकाच सुट्टीत बसवायची म्हणणारी मंडळी हल्ली बरीच भेटतात. नकाशा उघडला की केनिया आणि दक्षिण आफ्रिका उजव्या अंगाला एकाखाली एक दिसतात. मग 'दोन-अडीच तासांचं विमान असेल' असा अंदाज बांधून लोक मोकळे होतात. तिकीट काढताना चार तासांच्या वरचा आकडा दिसला की वाटतं, कंपनी कुठूनतरी वळसा घालून नेतेय. वळसा नाही, आफ्रिकाच तेवढी अवाढव्य आहे.

घाईत असाल तर उत्तर आधी घ्या. नैरोबी ते जोहान्सबर्ग सरळ हवाई अंतर सुमारे २,९०० किलोमीटर. थेट विमानाला गेटपासून गेटपर्यंत साधारण चार तास ते चार तास वीस मिनिटं. रस्त्याने गेलात तर ४,००० किलोमीटरच्या आसपास. जोहान्सबर्गचं घड्याळ नैरोबीच्या एक तास मागे.

पण हे आकडे पाठ करून फार उपयोग नाही. उद्या तुम्हाला नैरोबी–लागोस किंवा अदिस अबाबा–केपटाऊन हवं असेल. शिवाय नेटवरची अंतर सांगणारी पानं अनेकदा अंतराला एका ठरावीक वेगाने भागून 'विमानाचा वेळ' म्हणून ठोकून देतात, आणि तो वेळ कुठल्याच वेळापत्रकात सापडत नाही. म्हणून हीच जोडी घेऊन सगळा हिशेब कागदावर कसा करायचा ते दाखवतो. दहावीचं गणित पुरतं.

आधी नकाशावरचा विश्वास कमी करा

शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ध्रुवांकडचे देश फुगलेले दिसतात आणि त्यांच्या शेजारी विषुववृत्ताजवळचे आक्रसल्यासारखे. आफ्रिकेचं क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट. कैरोहून केपटाऊनला सरळ रेषेत जायचं तर ७,२५० किलोमीटर होतात. मुंबईहून लंडनही साधारण तेवढंच. आपल्या मापात सांगायचं तर नैरोबी–जोहान्सबर्ग हे अंतर श्रीनगर ते तिरुवनंतपुरमपेक्षा थोडं जास्तच भरतं. तसं पाहिलं की चार तास जास्त वाटत नाहीत.

पहिली पायरी: शहर नव्हे, विमानतळ ठरवा

नैरोबीत दोन विमानतळ आहेत. जोमो केन्याटा हा आंतरराष्ट्रीय, त्याचा कोड एनबीओ. दुसरा विल्सन, जिथून मसाई मारा, अंबोसेली, सांबुरूकडे जाणारी छोटी विमानं उडतात. जोहान्सबर्गमध्येही मुख्य म्हणजे ओ. आर. टँबो, कोड जेएनबी, आणि शहराच्या वायव्येला लान्सेरिया, जिथून मुख्यतः देशांतर्गत विमानं जातात. आपला हिशेब एनबीओ ते जेएनबी.

ही बारीकसारीक गोष्ट वाटते, पण गडबड इथेच होते. माराहून परतणारं छोटं विमान विल्सनला उतरवतं आणि जोहान्सबर्गचं विमान जोमो केन्याटावरून सुटतं. मध्ये शहरातला रस्ता आहे आणि नैरोबीची वाहतूक कोणाच्या बापाची नाही. विल्सनला उतरण्याची वेळ आणि पुढच्या उड्डाणाची वेळ यांत पाच तास ठेवा. तीनमध्येही लोक जातात, पण मग पूर्ण वेळ घड्याळाकडे बघत. दुसरं, या छोट्या विमानांत सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते आणि बॅग मऊ लागते. चाकांची कडक सूटकेस त्यांच्या पोटात मावतच नाही. मोठी बॅग नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जायचं असेल तर ती परत घ्यायला लागणारा वेळही याच पाच तासांत धरा.

दुसरी पायरी: सरळ अंतर

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. जोमो केन्याटा: १.३२ दक्षिण, ३६.९३ पूर्व. ओ. आर. टँबो: २६.१४ दक्षिण, २८.२५ पूर्व.

अक्षांशांचा फरक २४.८२ अंश. एक अंश म्हणजे जवळपास १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २,७६० किलोमीटर.

रेखांशांचा फरक ८.६८ अंश. पण रेखांश ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात, म्हणून इथे नुसतं १११.२ ने गुणून चालत नाही. दोन्ही अक्षांशांची सरासरी काढा: १३.७३. तिचा कोसाइन ०.९७१४. आता ८.६८ गुणिले १११.२ गुणिले ०.९७१४ म्हणजे सुमारे ९३८ किलोमीटर. हे पूर्व-पश्चिम अंतर.

पुढे पायथागोरस. २,७६० चा वर्ग आणि ९३८ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर २,९१५ किलोमीटर. पृथ्वी गोल धरून गोलीय त्रिकोणमितीने नीट काढलं तर २,९१२ येतं. म्हणजे कागदावरच्या हिशेबात फक्त तीन किलोमीटरची चूक, जी धावपट्टीच्या लांबीएवढी आहे.

काही ठिकाणी २,९०० हा आकडा दिसेल. तोही बरोबर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश १११.२ नसून ११०.६ किलोमीटरच्या आसपास भरतो. तो बारकावा धरला की दहा-बारा किलोमीटर कमी होतात. दोन संकेतस्थळांच्या आकड्यांत एवढा फरक दिसला तर गोंधळून जायचं कारण नाही.

ही सोपी रीत कुठे चालते तेही सांगायला हवं. विषुववृत्ताच्या आसपास, तीन-चार हजार किलोमीटरपर्यंत ती झकास आहे. आफ्रिकेतल्या बहुतेक जोड्या यात बसतात. मुंबई–जोहान्सबर्गसाठी ती ७,०५० च्या पुढे जाते. खरं अंतर ६,९६४, म्हणजे चूक सव्वा-दीड टक्का. पण हीच रीत मुंबई–न्यूयॉर्कला लावाल तर १,८०० किलोमीटरने फसाल, कारण ते विमान उत्तरेकडून कमानीसारखं जातं आणि सपाट कागदावरचा पायथागोरस तिथे हात टेकतो.

वैमानिक किलोमीटरमध्ये बोलत नाहीत, सागरी मैलांत बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. २,९१२ ला त्याने भागलं की १,५७२ सागरी मैल. पुढचा हिशेब या मापात केला की वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, सरळ लागू होतो.

तिसरी पायरी: रेषा आणि खरी वाट यांतला फरक

ही रेषा नकाशावर ओढून बघा, मजा येते. नैरोबीहून निघून ती दक्षिण-नैऋत्येला, म्हणजे १९८ अंशांच्या दिशेने जाते. टांझानियात शिरताना किलिमांजारो डाव्या हाताला शंभरेक किलोमीटरवर राहतो. त्याच्या अलीकडे माउंट मेरू. मग दोडोमाजवळून, मलावी सरोवराच्या उत्तर टोकावरून झांबिया-मलावीच्या सीमेकडे. पुढे मोझांबिकचा पश्चिमेकडे घुसलेला भाग आणि झांबेझी नदीवरच्या काहोरा बासा धरणाचा भला मोठा जलाशय. त्यानंतर हरारे जवळजवळ पायाखालीच. शेवटी लिम्पोपो नदी ओलांडली की दक्षिण आफ्रिका. किलिमांजारो बघायचा असेल तर जाताना डावीकडची खिडकी घ्या, येताना उजवीकडची. सकाळचं विमान असावं, दुपारनंतर तो ढगांत तोंड लपवतो.

विमान मात्र नेमकं या रेषेवरून जात नाही. उड्डाणानंतर ठरलेल्या वळणांनी बाहेर पडावं लागतं, वर ठरलेले हवाई मार्ग असतात, वाटेत गडगडाटी ढग आले तर बाजूने काढावं लागतं, आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेला येण्यासाठी फेर घ्यावा लागतो. या सगळ्यासाठी ३ ते ५ टक्के वाढवायचे. मी ४ धरतो. १,५७२ मध्ये ४ टक्के मिळवले की १,६३५ सागरी मैल.

आफ्रिकेत या टक्क्यांवर राजकारणाचाही हात असतो. १९६३ नंतर वर्णद्वेषी राजवटीचा निषेध म्हणून बहुतेक आफ्रिकी देशांनी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना आपल्या आकाशातून जाऊ देणं बंद केलं. त्यांची युरोपकडे जाणारी विमानं खंडाच्या पश्चिमेच्या फुगवट्याला समुद्रावरून वळसा घालून, वाटेत केप व्हर्दच्या साल बेटावर इंधन भरत जायची. भारताचेही त्या देशाशी राजनैतिक संबंध १९९३ मध्येच पुन्हा जुळले. आजचं उदाहरण हवं असेल तर सुदान. एप्रिल २०२३ मध्ये तिथे युद्ध पेटलं आणि ते आकाश नागरी विमानांना बंद झालं, त्यामुळे कैरोहून पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या विमानांना आडवाटेने जावं लागलं. नैरोबी–जोहान्सबर्ग मार्गावर असा अडथळा नाही, पण दुसरी जोडी घेताना खाली कोणता देश आहे ते एकदा बघा आणि युद्धाची बातमी असेल तर ४ च्या जागी १०-१५ टक्के धरा.

चौथी पायरी: वेग

तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. बोइंग ७३७-८०० किंवा एम्ब्रेअर १९० असेल तर उंचीवरचा वेग ४५० नॉट धरा, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर. ७८७ ड्रीमलाइनर असेल तर ४८५ नॉट, ताशी ९०० च्या जवळ. केनिया एअरवेजच्या ताफ्यात ही तिन्ही आहेत.

४५० नॉटने १,६३५ सागरी मैल: ३ तास ३८ मिनिटं. ड्रीमलाइनरने: ३ तास २२ मिनिटं.

टर्बोप्रॉप म्हणजे पंख्याच्या विमानाला हा हिशेब लावू नका. एटीआर ७२ चा वेग २७० नॉटच्या आसपास. आफ्रिकेतल्या पाचसातशे किलोमीटरच्या मार्गांवर ही विमानं बरीच असतात आणि तिथे अंदाज दीडपटीने चुकतो.

पाचवी पायरी: चढण, उतार आणि जमिनीवरची मिनिटं

चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. त्यासाठी १० ते १२ मिनिटं जादा. गेटवरून निघून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर धावपट्टीवरून गेटपर्यंत मिळून २० मिनिटं.

३:३८ मध्ये ही तीस-बत्तीस मिनिटं मिळवली की ४ तास १० मिनिटं. तिकिटावर दिसतो तो हाच वेळ. कंपन्या त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: चाकांखालचे अडसर काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. यात कंपनी पाच-दहा मिनिटं पदरची घालते, म्हणजे थोडा उशीर झाला तरी 'वेळेवर पोचलो' म्हणता येतं. वैमानिक घोषणेत 'तीन तास पंचेचाळीस मिनिटांत पोचू' म्हणतो आणि तिकिटावर चार-पंधरा असतं, त्यामागे हेच आहे. तो हवेतला वेळ सांगतो.

या मार्गाची एक खासियत म्हणजे दोन्ही टोकं उंच पठारावर आहेत. जोमो केन्याटा समुद्रसपाटीपासून १,६२४ मीटर, ओ. आर. टँबो १,६९४ मीटर. म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ असते. पंखांना तेवढीच उचल मिळवायला विमानाला जमिनीवर जास्त वेगात धावावं लागतं आणि इंजिनही विरळ हवेत कमी जोर देतं. म्हणून धावपट्ट्या लांबलचक: नैरोबीची चार किलोमीटरच्या वर, जोहान्सबर्गची मोठी धावपट्टी ४.४ किलोमीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीनच्या आसपास आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, हे उठतंय की नाही. उठतं. वेळेवर याचा परिणाम किरकोळच, पण उन्हाच्या दुपारी लांबच्या पल्ल्याचं भरलेलं विमान असेल तर वजन कमी करावं लागतं. लांब पल्ल्याची बरीच विमानं या दोन्ही ठिकाणांहून रात्री निघतात, त्याला गार हवेचाही हातभार आहे.

सहावी पायरी: वारा

मुंबई–लंडनला जाताना आणि येताना तासाभराचा फरक पडतो, कारण तिथे विमान पश्चिमेच्या जोरदार वाऱ्याच्या थेट तोंडी किंवा पाठी असतं. नैरोबी–जोहान्सबर्ग हा उत्तर-दक्षिण मार्ग. विषुववृत्ताजवळ वरचे वारे सौम्य, आणि दक्षिणेकडे जे पश्चिमी वारे आहेत ते विमानाला आडवे लागतात. १९८ अंशांवर जाणाऱ्या विमानाला पश्चिमेच्या वाऱ्याचा तीसएक टक्के भागच समोरून बसतो. जून ते ऑगस्ट, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, शेवटच्या ८०० किलोमीटरवर ८० नॉटचा वारा धरला तरी जाताना तीन-चार मिनिटं वाढतात. येताना तितकीच वाचतात. हिशेबात सोडून दिलीत तरी चालेल.

वाऱ्यापेक्षा जोहान्सबर्गच्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या विजा जास्त त्रास देतात. ऑक्टोबर ते मार्च दुपारनंतर तिथे जोराची वादळं होतात. जवळ वीज पडायला लागली की जमिनीवरची कामं थांबवतात. इंधन भरणं नाही, सामान चढवणं नाही, विमान नुसतं उभं. त्या महिन्यांत पुढचं विमान पकडायचं असेल तर सकाळी पोचणारं तिकीट काढा.

सातवी पायरी: घड्याळ

नैरोबी जागतिक वेळेच्या ३ तास पुढे, जोहान्सबर्ग २ तास पुढे. दोन्हीकडे उन्हाळी वेळ नाही, म्हणून हा एक तासाचा फरक वर्षभर कायम. भारताच्या तुलनेत नैरोबी अडीच तास मागे, जोहान्सबर्ग साडेतीन.

तिकिटावरच्या सगळ्या वेळा स्थानिक असतात. नैरोबीहून सकाळी ७:०० ला निघालात आणि प्रवास ४:१० चा असेल तर तिकिटावर पोचायची वेळ १०:१० दिसेल. तीन तासांतच पोचतंय म्हणून हरखू नका. उलट जोहान्सबर्गहून ११:०० ला निघालात की पोचायची वेळ १६:१०, आणि वाटतं पाच तास लागले. जाण्या-येण्याच्या या दोन आकड्यांची सरासरी काढली की खरा वेळ मिळतो. कुठल्याही अनोळखी मार्गाचा ब्लॉक टाइम काढायची ही सगळ्यात झटपट युक्ती, घड्याळाचा फरक माहीत नसला तरी चालते. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये घड्याळं वर्षातून पुढे-मागे होतात, तिथे हीच वापरा.

केनियात आणखी एक घड्याळ आहे, ते कुठल्याच अॅपमध्ये दिसत नाही. स्वाहिली बोलणारे लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. त्यांचे २ म्हणजे आपले सकाळचे ८. विमानतळाच्या लोकांचं इंग्रजी घड्याळच चालतं, पण पहाटेच्या टॅक्सीची वेळ ड्रायव्हरशी मोडक्यातोडक्या स्वाहिलीत ठरवाल तर सहा तासांचा घोळ होऊ शकतो. वेळ आकड्यांत, मेसेजवर लिहून घ्या.

दारापासून दारापर्यंत

चार तास दहा मिनिटं ही फक्त मधली गोष्ट. नैरोबीच्या मध्यवर्ती भागातून विमानतळ पंधरा-अठरा किलोमीटर. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टोलच्या उन्नत एक्सप्रेसवेने वेस्टलँड्सकडून हे अंतर बरंच लवकर कापता येतं. टोल वाचवायला खालून गेलात तर भगवान भरोसे. विमानतळाच्या आवाराआधी एक तपासणी नाका असतो. तिथे गाडीतून उतरून पायी स्कॅनरमधून जावं लागतं आणि गाडी पुढे जाऊन थांबते. पासपोर्ट आणि फोन खिशात ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. त्या नाक्याला गर्दीच्या वेळी वीसेक मिनिटं जाऊ शकतात. आंतरराष्ट्रीय उड्डाण म्हणून तीन तास आधी पोचणं योग्य.

घरून चिवडा-लाडू प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून नेत असाल तर जरा थांबा. केनियाने ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी घातली आहे आणि दंड जबर आहे. डबे घ्या, कापडी पिशव्या घ्या.

जोहान्सबर्गला उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला तास धरा. सँडटन या उपनगरात जायचं असेल तर २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर सुरू झालेली गौट्रेन ही रेल्वे विमानतळावरूनच सुटते आणि पंधरा मिनिटांत पोचवते. क्रूगर मात्र अजून लांब आहे: रस्त्याने साडेचार-पाच तास, किंवा क्रूगरमधल्याच स्कुकुझाला छोट्या विमानाने तासाभरात. एकूण काय, माराच्या तंबूतून सकाळी निघून त्याच दिवशी संध्याकाळी क्रूगरमध्ये सिंह बघू, हा बेत कागदावर बसतो, प्रत्यक्षात नाही. मध्ये एक रात्र जोहान्सबर्गला काढा.

रस्त्याने जायचंच असेल तर

नैरोबीहून नामंगा सीमेवरून टांझानियात, अरुशा, दोडोमा, इरिंगा, म्बेया करत टुंडुमाला झांबियाची सीमा. तिथून लुसाका हजारेक किलोमीटर. मग चिरुंडूला झांबेझी ओलांडून झिंबाब्वे, हरारे, आणि बेटब्रिजला लिम्पोपो ओलांडून दक्षिण आफ्रिका. तुकडे जोडले की ४,००० च्या आसपास येतात, सरळ अंतराच्या जवळपास १.४ पट. ताशी सरासरी ६० धरा, त्याहून जास्त पडत नाही. रात्री गाडी चालवू नका. म्हणजे रोज आठ-नऊ तास चालवून आठवडाभर, सीमेवरचे तास वेगळे. चिरुंडूला २००९ पासून दोन्ही देशांचं काम एकाच जागी होतं, त्यामुळे तिथे बरं. बेटब्रिज नाताळ आणि ईस्टरच्या सुट्टीत टाळा, दक्षिण आफ्रिकेत कामाला असलेले झिंबाब्वेचे लाखो लोक त्याच वाटेने घरी जातात-येतात. झिंबाब्वे गाळायचा असेल तर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या काझुंगुला पुलावरून झांबियातून थेट बोत्स्वानात उतरता येतं. अंतर वाढतं, पण चोबे अभयारण्यातले हत्ती वाटेवर आहेत.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

मुंबई–जोहान्सबर्ग सरळ अंतर ६,९६४ किलोमीटर. आता थांबे घेऊन बघा. नैरोबीमार्गे ४,५३३ अधिक २,९१२, एकूण ७,४४५. अदिस अबाबामार्गे ३,८३५ अधिक ४,०६८, एकूण ७,९०३. दुबईमार्गे १,९२६ अधिक ६,४१३, एकूण ८,३३९. नैरोबीचा वळसा सात टक्क्यांचाही नाही, दुबईचा वीस टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे मध्ये थांबण्याचा वेळ सारखा असेल तर नैरोबीचं तिकीट अंतराच्या हिशेबाने सरस. पण थांबा आठ-दहा तासांचा असेल तर वाचलेले नऊशे किलोमीटर म्हणजे जेमतेम तासभर, ते बाकावर बसून फुकट जातात. तिकीट निवडताना एकूण वेळेचा आकडा बघा, अंतराचा नंतर.

'डायरेक्ट' आणि 'नॉन-स्टॉप' एक नव्हे हेही ध्यानात ठेवा. डायरेक्टमध्ये विमान आणि क्रमांक तोच राहतो, पण ते मध्ये उतरू शकतं. नैरोबी–केपटाऊन जाताना झांबियातल्या लिव्हिंगस्टनला किंवा व्हिक्टोरिया फॉल्सला थांबून जाणारी उड्डाणं केनिया एअरवेजने चालवली आहेत. वेळ नेहमीच्या हिशेबापेक्षा दीड-दोन तासांनी जास्त दिसला तर बहुधा असा थांबा असतो.

मुंबई–नैरोबी आणि नैरोबी–जोहान्सबर्ग ही दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून घेणारे असतात. मग सामान नैरोबीला स्वतः उचलावं लागतं, त्यासाठी केनियाच्या इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, आणि त्यासाठी ईटीए लागतो. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी हा ऑनलाइन परवाना आणला आहे. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नसतं. एकाच पीएनआरवर तिकीट घेतलंत तर दोन-अडीच तासांचा थांबा पुरतो. वेगवेगळ्या तिकिटांवर सहा तासांखाली जाऊ नका.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त विसरला जातो तो पीतज्वराच्या लसीचा पिवळा दाखला. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत मोडतो, दक्षिण आफ्रिका नाही. केनियाहून येणाऱ्यांकडे, किंवा केनियाच्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलेल्यांकडे, दक्षिण आफ्रिका हा दाखला मागते. तो नसेल तर नैरोबीच्या काउंटरवरच विमानात चढू देत नाहीत. परत भारतात येतानाही केनियाला राहून आलेल्यांकडे तो तपासतात आणि नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, मग जन्मभर चालतो. म्हणून तिकीट काढल्याबरोबर लसीची तारीख घ्या. ठरलेल्या सरकारी केंद्रांवर ती ठरावीक दिवशीच मिळते आणि सुट्ट्यांच्या हंगामात तिथल्या तारखा भरून जातात. दाखल्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतंय का, हे तिथेच, केंद्राच्या दारात उभं राहून बघा.